कदमताल

बाई रिक्षा थांबवताना "थांबवा" म्हणत नसत. "थम" म्हणत. दूधवाला पातेल्यात दूध ओतू लागला की पुरेसे झाल्यावर "थम". फोनवर समोरचा माणूस तेच तेच बोलू लागला की "थम". त्या आवाजात राग नसे. मुलींच्या शाळेत उभा जन्म कवायत शिकवलेल्या माणसाचा, मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचणारा तो नेहमीचा आवाज होता. रिक्षा थांबे. दूध थांबे. फोनवरचा माणूसही थांबे.

नाशिकला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत त्यांचे घर होते. खाली त्या एकट्या राहत आणि वर गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून मी. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. बाईंनी मला नावाने कधी हाक मारली नाही, "उपसंपादक" म्हणत. पुढे मला बढती मिळाली, तेव्हा ते त्यांना सांगितले. त्यांनी अभिनंदन केले आणि उपसंपादक म्हणणे चालू ठेवले.

नव्वदच्या दशकात त्या घरात फोन एकच होता आणि तो खाली होता. माझा फोन आला की बाई अंगणात येऊन शिट्टी वाजवत. ती शाळेतली पितळी शिट्टी निवृत्तीनंतरही दारामागच्या खिळ्याला लटकत असे. मी जिना उतरू लागलो की खालून सूचना येई, "पाय घासू नका, उचला." संध्याकाळी मी कचेरीत निघालो की त्या शहरात काय चालले आहे ते विचारत. मी सांगता सांगता कारणमीमांसेकडे वळलो की लगेच हात वर होई. "अग्रलेख नको. बातमी सांगा."

शहरातल्या बायकांची एक मोठी पिढी त्यांच्या हाताखालून गेली होती. भाजीबाजारात, बँकेत, लग्नाच्या मांडवात चाळिशी-पन्नाशीच्या बायका बाई दिसताच पाठ ताठ करत आणि पोट आत घेत. एका मुंजीत खुद्द मुंजमुलाच्या आईला मी हातातले ताट शेजारणीकडे देऊन सावधान उभी राहताना पाहिले आहे. बाई तिला म्हणाल्या, "विश्राम." मग ती हसली.

कवायतीतला कदमताल बहुतेकांना शाळेपासून माहीत असतो. जागच्या जागी पाय उचलायचे, ताल सोडायचा नाही आणि पुढेही जायचे नाही. शाळेतल्या मुलींना तो सगळ्यात नकोसा वाटे. त्यांच्यातल्या एका धीट मुलीने एकदा विचारले होते, "बाई, कुठे जायचंच नाही तर पाय कशाला उचलायचे?" बाई म्हणाल्या होत्या, "आधी उचल, मग सांगते." पुढे सांगितले मात्र नाही. ही हकिगत मला त्याच विद्यार्थिनीने ऐकवली. ती पुढे या गोष्टीत येणार आहे, कारण व्यायामाच्या यंत्रांचे दुकान तिच्या नवऱ्याचे होते.

बाई रोज पहाटे धरणाच्या दिशेने चालायला जात. पांढरे कॅनव्हासचे बूट, खोचलेला पदर, हातात काही नाही. त्यांना मधुमेह होता आणि तो त्यांनी औषधाइतकाच चालण्याने आटोक्यात ठेवला होता. रस्ता रुंद होण्याआधीपासून त्या तिथे चालत होत्या. दुतर्फा इमारती उभ्या राहिल्या, वाहने वाढली, तरी त्यांनी वेळ बदलली नाही आणि बाजूही बदलली नाही.

मग एका सकाळी बाजूने आलेली स्कूटर त्यांना दिसली नाही. धक्का किरकोळ होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले आणि काचबिंदू फार पुढे गेल्याचे सांगितले. समोरचे दिसत होते, पण कडा गेल्या होत्या. गेलेले परत येणार नव्हते आणि उरलेलेही हळूहळू जाणार होते. औषधाने वेग कमी होईल इतकेच. बाईंनी विचारले की, किती वेळ आहे. डॉक्टरांनी नक्की सांगता येणार नाही असे म्हटले. घरी आल्यावर बाईंनी मला ही बातमी चार वाक्यांत दिली. पाचवे वाक्य असे होते : "आता घरात चालायची सोय करायला हवी, दिसतंय तोवर."

घाईचे कारण भाऊ होता. बाईंनी लग्न केले नव्हते. धाकटा भाऊ नांदगावला शेती आणि खतांचे दुकान बघत असे. तो प्रेमळ माणूस होता. डॉक्टरांचे कळताच तो आला आणि येताना कांद्याची गोणी घेऊन आला. त्याने घरी बाईंसाठी खोली बांधायला काढली होती. खालच्या मजल्याला, न्हाणीशेजारीच, भावजय दिवसभर घरात.

"तुला काय कमी पडनार नाय, आक्का," तो म्हणाला.

"तिथे मी काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? बसायचं."

"तेच," बाई म्हणाल्या.

भावाला ते कळले नाही. बाईंनी मग त्याला समजेल अशा भाषेत सांगितले. साखर ताब्यात राहिली आणि पाय चालते राहिले, तर आंधळी झाले तरी मी या घरात एकटी राहीन. जे घर हातांना पाठ आहे तिथे डोळ्यांचे काम कमी पडते. साखर बिघडली किंवा पाय गेले, तर नांदगावला येईन आणि तू म्हणशील तिथे बसेन. भावाने ते मान्य केले. दोघांनाही आपणच जिंकणार असे वाटत होते.

व्यायामाच्या यंत्रांचे ते दुकान गंगापूर रोडवरच एका व्यापारी संकुलाच्या तळघरात होते. खिडकी एकही नव्हती. बाई पहिल्यांदा आत शिरल्या तेव्हा गल्ल्यावर बसलेली दुकानदाराची बायको उठून उभी राहिली आणि तिचे हात आपोआप बाजूला सरळ झाले. कदमतालाबद्दल प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी ती हीच. तिचा नवरा यंत्रांची माहिती सांगू लागला. किती कॅलरी जळतात, पडद्यावर काय काय दिसते, गाणी कशी लावता येतात. बाईंनी हात वर केला.

"थम. पडद्याचं सोडा. मला पडदा दिसणार नाही."

मग त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या यंत्राकडे हात पुढे केला. पुढे दोन-तीन आठवडे हेच चालले. संध्याकाळी त्या दुकानात जात, डोळे मिटत आणि एका यंत्राशी झटत. गिऱ्हाइके आवाज खाली आणत. एकाने हळूच विचारले की, बाई मंत्र म्हणताहेत का. दुकानदारीण म्हणाली, "नाही, परीक्षा घेताहेत."

परीक्षेचे नियम बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. कोणाच्या मदतीशिवाय चढता आले पाहिजे, उतरता आले पाहिजे, आणि आपण किती जोरात चाललो आहोत हे न बघता कळले पाहिजे. वल्हवायचे यंत्र पहिल्या नियमावर बाद झाले. ते जमिनीलगत होते आणि तिथून उठायला धरायला काही नव्हते. हात-पाय दोन्ही हलवणाऱ्या मोठ्या यंत्राचे पाय ठेवायचे पायठे दर वेळी निराळ्या जागी थांबत. एक वर, एक खाली. बाई म्हणाल्या, जो जिना रोज जागा बदलतो तो आंधळ्याच्या कामाचा नाही. घरात बसवायच्या साध्या सायकलीवर त्या बराच वेळ बसल्या. ती चांगली होती, चढायला सोपी होती, पण तिचा आवाजच नव्हता. जोर लावला काय, न लावला काय, कानाला सारखेच. दुकानदाराने तोच तर तिचा गुण असल्याचे सांगितले. "तुमच्यासाठी," बाई म्हणाल्या.

उरला विजेवर फिरणारा पट्टा. तो त्यांना पहिल्यापासून आवडला होता, कारण त्यावर चालायचे होते आणि त्या चालणाऱ्या होत्या. अडचण बटणांची होती. सगळी बटणे एकाच गुळगुळीत प्लास्टिकखाली होती, बोटाला एकसारखी लागत. त्यावर तोडगा दुकानदारीणीने काढला. तिने पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले आणि खड्याची एक टिकली चालू करायच्या बटणावर, दोन टिकल्या बंद करायच्या बटणावर चिकटवल्या. बाईंनी बोट फिरवून पाहिले. शाळेत तिला कधी मिळाली नसेल अशी शाबासकी तिला त्या दिवशी मिळाली. यंत्र काही दिवस वापरून पाहायला म्हणून बाईंच्या पुढच्या खोलीत आले.

भारनियमनाची ती वर्षे होती. वीज कधी जाणार हे शहरात प्रत्येकाला पाठ असे आणि बाई त्या वेळा टाळूनच पट्ट्यावर चढत. पण वीज ठरल्या वेळेबाहेरही जात असे. एका सकाळी वरच्या माझ्या खोलीतला पंखा थांबला आणि त्याच क्षणी खाली काहीतरी आदळल्याचा आवाज झाला.

मी खाली गेलो तेव्हा बाई जमिनीवर बसल्या होत्या. मनगट सुजू लागले होते. त्यांनी मला आधी झालेला प्रकार सांगितला, मग दवाखान्यात नेऊ दिले. प्रकार असा होता. पट्टा एकदम थांबला. कवायतीत मात्र "थम" म्हटल्यावर कोणी एकदम थांबत नाही. हुकूम कानावर पडल्यावर दोन ताल असतात, एक, दो, आणि मग पाय जुळतात. बाईंच्या पायांना आयुष्यभराची तीच सवय. पट्टा थांबल्यावर त्यांनी ते दोन ताल घेतले, छाती समोरच्या दांडीवर आदळली आणि त्या बाजूला पडल्या.

"चूक माझी नाही," रिक्षात त्या म्हणाल्या. "यंत्राला दोन ताल माहीत नाहीत."

हात प्लास्टरमध्ये गेला. भाऊ दुसऱ्या दिवशी आला. या वेळी तो बसलाच नाही.

"आक्का, लय झालं आता. मी व्हतो म्हनून ऐकून घेतलं. पडलीस तर उचलायला कोन हाय हितं?"

"उपसंपादक आहेत वर."

"ते कचेरीत जातेत का नाय? मंग?" तो माझ्याकडे वळला. "सांगा की हो तुमी तरी. पेपरवाले ना तुमी?"

मी म्हणालो की, निर्णय बाईंचा आहे. माझ्या या उत्तरावर दोघेही नाराज झाले.

भाऊ शेवटी वैतागून म्हणाला, "तुला कायमचंच आंधारात ऱ्हायचंय ना? मंग डोळं बांधून दाखव. माझ्यासमोर. यंत्रावर चढ, चालव, उतर. पडली नाय, तर मी पुन्हा कधी हा विषय काढनार नाय. पडलीस तर त्याच दिवशी गाडीत बसायचं."

"कबूल. दिवस आणि वेळ मी ठरवणार."

"ठरीव."

त्या दिवशी बाईंकडे यंत्र नव्हते. पट्टा परत गेला होता, बाकीची बाद झाली होती आणि हात गळ्यात होता. त्यांनी मला पैजेबद्दल काहीही विचारले नाही. फक्त शोध वाढवला. जुन्या विद्यार्थिनींना फोन केले. कोणाच्या घरात व्यायामाचे काय यंत्र आहे, ते विचारले, आणि रिक्षा करून त्या घरोघर जाऊ लागल्या. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि ती त्यांनी मला बातमी म्हणून दिली : यंत्रे पुष्कळ घरांत आहेत, चालू एकाही घरात नाही.

जे हवे होते ते अशाच एका घरात मागच्या गॅलरीत सापडले. त्याच्यावर टॉवेल वाळत होते. टॉवेलांखाली एक जुन्या पद्धतीची सायकल होती, पुढच्या चाकाच्या जागी जाळीत बसवलेला मोठा पंखा, आणि पायांबरोबर पुढे-मागे होणारे दोन दांडे. बाईंनी टॉवेल काढून घरमालकिणीच्या हातात दिले, डोळे मिटले आणि एका हाताने चाचपत वर चढल्या. पायठे मारले. पंखा घरघरू लागला. जोर वाढवला तसा आवाज वाढला आणि चेहऱ्यावर वारा येऊ लागला. जोर कमी केला, वारा कमी झाला. वीज लागत नव्हती. पडदा नव्हता. किती वेगात आहोत हे कानाला आणि गालाला कळत होते. बाई बराच वेळ उतरल्या नाहीत. टॉवेल हातात धरून घरमालकीण सावधान उभी होती.

तळघरातल्या दुकानदाराने तशी सायकल हल्ली कोणी घेत नाही म्हणून ठेवणे बंद केले होते. त्याच्या बायकोने मागवायला लावली. ती येईपर्यंत प्लास्टर निघाले. बाईंनी शिंप्याकडून पांढरे पंजाबी ड्रेस शिवून घेतले, आयुष्यात पहिल्यांदा, कारण साडी पायठ्यात अडकते. मग त्यांनी दुकानदारीणीला एक प्रश्न विचारला, तुमच्याकडे दुपारची वीज केव्हा जाते. तिने सांगितले. बाईंनी नांदगावला फोन केला, भावाला दिवस-वेळ कळवली आणि दुकानातच यायला सांगितले. त्या दिवशी मीही बरोबर गेलो.

भाऊ आला तो आधी ड्रेसवर अडला. "आक्का, ह्या वयात हे?" बाईंनी त्याला स्टुलावर बसायला सांगितले. तो बसला नाही. सायकलजवळ उभा राहिला, पडल्यास धरता यावे म्हणून दोन्ही हात थोडे पुढे करून. डोळ्यांवरचा रुमाल त्यानेच बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

बाईंनी हात पुढे केला. दांडा सापडला. दुसरा हात बैठकीवर गेला. मग पाय. एका दमात त्या वर होत्या. पंखा सुरू झाला, आवाज चढला आणि एका पातळीवर येऊन स्थिर झाला. भावाच्या शर्टाची कॉलर वाऱ्याने हलत होती. थोडा वेळ असाच गेला आणि वीज गेली.

खिडकी नसलेल्या तळघरात वीज गेल्यावर काहीच दिसत नाही. दुकानदार चार्जिंगचा दिवा कुठे ठेवला म्हणून बायकोला विचारू लागला. कोणीतरी डंबेल्सच्या रांगेला अडखळले. भावाने एक पाऊल टाकले आणि तो पट्ट्याच्या यंत्रावर आपटला. या सगळ्यात एकच आवाज बदलला नाही. पंखा त्याच पातळीवर घरघरत होता.

"काय झालं?" अंधारातून बाईंनी विचारले.

"लाईट गेली, आक्का," भाऊ म्हणाला. "थांब. हलू नको. मी येतो."

"तू हलू नकोस. गुडघा फोडून घेशील."

मग त्यांनी पाय सैल सोडले. पंखा एकदम थांबला नाही. आवाज उतरत गेला, जाळीतली पाती सुटी ऐकू येऊ लागली. "एक," बाई म्हणाल्या. "दो." आणि पंखा थांबला. उतरल्याचा आवाज झाला, बुटांचा, जोडीने. पुढच्या क्षणी त्या भावाच्या शेजारी होत्या. त्यांनी त्याचा हात धरला.

"पायऱ्या या बाजूला आहेत. चल. पाय घासू नकोस, उचल."

दिवा सापडून आम्ही वर आलो तेव्हा दोघे संकुलाच्या दारात उन्हात उभे होते. बाईंनी रुमाल अजून सोडला नव्हता. भाऊ गुडघा चोळत होता. बाई पाणी प्यायला गेल्या तेव्हा तो मला म्हणाला, "लाईट जायची येळ तिला ठाऊक व्हती का?"

मी म्हणालो, ती शहरात सगळ्यांनाच ठाऊक असते.

"लय आडमुठी हाय," तो म्हणाला. पुढे त्याने स्वतः सायकल टेम्पोत चढवली, घरी आणून पुढच्या खोलीत लावली, आणि शब्द दिल्याप्रमाणे तो विषय पुन्हा काढला नाही. नांदगावची ती खोली पूर्ण झाली आणि तिच्यात कांदे साठवले जाऊ लागले.

त्यानंतर काही वर्षांनी माझी दुसऱ्या गावच्या आवृत्तीवर बदली झाली. बाईंची नजर मी तिथे असतानाच जवळजवळ गेली होती, उरलेली नंतर गेली. मधे एकदा कामासाठी नाशिकला आलो तेव्हा सकाळी त्यांच्याकडे गेलो. पंख्याचा आवाज फाटकापर्यंत येत होता. दार उघडे होते. त्या पांढऱ्या ड्रेसमध्ये, बूट घालून, ताठ पाठीने सायकलवर होत्या. डोळे उघडे होते आणि कशावरही लागलेले नव्हते. साखर ताब्यात होती. स्वयंपाक त्याच करत होत्या. मी पायरी चढताच त्या म्हणाल्या, "उपसंपादक, अजून पाय घासता."

मी समोर बसलो. शहरात काय चालले आहे ते त्यांनी विचारले, मी सांगितले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा वारा बघून मला वाटले ते मी बोललो. म्हणालो की, डोळ्यांपुढे अजून तो धरणाकडचा रस्ता येत असेल, पहाटेचा.

बाईंनी हात वर केला. पंखा उतरत गेला, एक, दो, आणि थांबला.

"हा अग्रलेख झाला," त्या म्हणाल्या. "रस्ता कशाला यायला हवा? हा कदमताल आहे. पुढे जायचं असेल तर माणूस चालतो. जागा सोडायची नसेल, तेव्हा कदमताल."

आणि त्यांनी पुन्हा पायठ्यांवर जोर दिला.